टाकी, मोटर, गीझर आणि ॲप : बेळगावात इमारत 'स्मार्ट' करायची तर सुरुवात कुठून?

हिंडवाडी_तिसरा_मजला

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या अपार्टमेंटच्या कमिटीसमोर एका कंपनीचं कोटेशन आलंय. जिन्यात माणूस आला की पेटणारे दिवे, गेटला कॅमेरा, लॉबीत आवाजावर चालणारे स्विच आणि हे सगळं मोबाईलवर दिसणार. वर हिरव्या पानाचं चित्र आणि 'शाश्वत इमारत' असं ठळक अक्षरात. सेक्रेटरी खूश आहेत, खजिनदार गप्प आहेत. मी बँकेत आयटी बघायचो म्हणून ते कागद माझ्या गळ्यात.

मी आधी कॉमन मीटरवर काय काय आहे ते लिहून काढलं. लिफ्ट, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे, संपमधून (जमिनीखालच्या टाकीतून) वर पाणी चढवणारी ५ एचपीची मोटर, शिवाय बोअरची मोटर. दिवे सगळे ९ वॅटचे एलईडी. आता हिशेब बघा. ५ एचपी म्हणजे पावणेचार किलोवॅट. टाकी भरल्यावर ही मोटर तासभर नुसती चालली, तर तेवढ्या विजेत जिन्यातला एक दिवा सतरा दिवस अखंड जळेल. आणि मोटर चालू राहते हे कळायला आमच्याकडे सेन्सर लागत नाही, पश्चिमेच्या भिंतीवरचं शेवाळ सांगतं. कोटेशनमध्ये टाकीचं नावही नाही!

पाण्याची कथा इथल्या लोकांना नव्याने सांगायला नको. २००८ च्या सुमारास शहराच्या काही भागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला, आमची गल्ली त्यात नाही. आमचं पाणी पाळीने येतं. एप्रिल-मेमध्ये राकसकोप जलाशयाची पातळी उतरली की सगळ्यांचे डोळे हिडकल धरणाकडे आणि आमचं बोअर सुरू.

तर प्रश्न असा की ज्यांनी खरंच काही बसवलंय, त्यांची वीज किंवा पाणी कशाने वाचलं? ॲप किती छान दिसतं ते नको.

उद्यमबागचा_वायरमन

साहेब, कोटेशन बाजूला ठेवा. पहिली गोष्ट, मोटर कधी पण स्मार्ट प्लगवर लावू नका की ओ. १६ अँपिअर लिहिलेलं असतंय, पण मोटर सुरू होताना सहा-सात पट करंट ओढतीय. प्लगमधला रिले, म्हणजे चालू-बंद करणारा आतला छोटा स्विच, चिकटून बसतोय आणि मग ॲपमध्ये 'बंद' दिसतंय आणि मोटर चालूच. मी असे प्लग काढून दिलेत लोकांचे. प्लॅस्टिक वितळून तांबूस झालेलं.

बरोबर पद्धत अशी. तुमचा स्टार्टर आहे तसाच राहू दे. वायफायवाला छोटा रिले फक्त कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधल्या मोठ्या स्विचच्या) कॉइलला चालू-बंद करू दे. खरा करंट कॉन्टॅक्टर सांभाळेल. ओव्हरलोड आहेच, तीन फेजची मोटर असेल तर एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर पण घाला, बोअरला ड्राय रनचं, म्हणजे पाण्याविना कोरडी चालू नये म्हणून, संरक्षण घाला. आणि टाकीत साधा तरंगता फ्लोट स्विच सिरीजमध्ये ठेवाच. इंटरनेट गेलं, वायफाय गेलं, सेन्सर मेला, तरी टाकी भरली की फ्लोट मोटर बंद करतोय. त्याला पासवर्ड लागत नाही.

नाना_शहापूर

आमचं जुनं घर कौलारू. मधे चौक, माजघर थंडगार, मागे न्हाणी. पंखा पाहुणे आले तरच लागायचा. बेळगाव म्हणजे अडीच हजार फुटांवरचं गाव, इथं एसी कशाला लागावा? आता चौक बुजवून स्लॅब टाकायचा, पश्चिमेला काचा लावायच्या आणि मग तापमान कमी करायला मोबाईल घ्यायचा. चालू द्या.

मुक्ता_भाग्यनगर

नाना, चौक गेला तो गेला. पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आधी गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग द्यावा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा किंवा चिकाचा पडदा करावा, हे शंभर टक्के मान्य. एसीला सेन्सर जोडण्याआधी ऊन अडवणं स्वस्त.

पंख्याचं मात्र मी सांगते. जुना पंखा ७०-७५ वॅट खातो, नव्या कमी विजेच्या मोटरचा बीएलडीसी पंखा पूर्ण वेगात ३० च्या आसपास. त्याला वायफाय आहे की नुसता रिमोट, यानं विजेत काही फरक पडत नाही. रिमोटवाला घ्या, पैसे वाचवा.

निपाणीकर_७७

पण आता वीज वाचवून करायचं काय? गृहज्योतीत, कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत, बिल शून्य येतं. आमच्या गल्लीत तर लोक म्हणतात, वापरा बिनधास्त.

मुक्ता_भाग्यनगर

तिथंच लोक फसतात. २०२३ मध्ये योजना आली तेव्हापासूनचा नियम बघा. तुमच्या २०२२-२३ च्या सरासरीवर थोडं वाढवून (सुरुवातीला १० टक्के) तुमची हद्द ठरते. त्या हद्दीच्या वर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे. आणि महिन्याला २०० च्या वर गेलात तर सगळंच बिल तुमचं. म्हणजे १९८ युनिट आणि २०३ युनिट यांत पाच युनिटांचा फरक नाही, पूर्ण बिलाचा फरक आहे. मे महिन्यात पाहुणे, कूलर, मुलांच्या सुट्ट्या, आणि मग महिनाअखेरीला हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) माणूस मशीनमधून कागद काढून देतो तेव्हा कळतं.

माझ्याकडे डीबीमध्ये (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीत) मेन वायरभोवती क्लिप बसणारा मीटर आहे. महिन्याची बेरीज १५० झाली की फोनवर निरोप येतो. घरात 'स्मार्ट' म्हणावं असं तेवढंच, आणि घरात त्याचाच उपयोग झाला. आईला पण कळतं, "आज किती झालं गं?" असं विचारते. अपार्टमेंटच्या कॉमन मीटरला गृहज्योती नाही, त्यामुळे हिंडवाडीकरांचं प्रत्येक युनिट पैशाचंच.

नाना_शहापूर

हे मला पटलं. क्लिपवाल्या मीटरचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

होस्टेलवाली_काकू

मी मुलींचं होस्टेल चालवते, कॉलेजच्या जवळच. आमच्याकडे सगळा खर्च गरम पाण्याचा. गच्चीवर सोलर हीटर आहे, तरी बिल उतरेना. कंपनीचा माणूस येऊन काचा पुसून गेला. शेवटी भाच्याने (तो अंतिम वर्षाला आहे) टाकीत तापमानाची एक सुई सोडली आणि दर दहा मिनिटांची नोंद काढली.

त्या कागदावर सगळं उघडं पडलं. सोलरच्या टाकीत पावसाळ्यासाठी विजेचं कॉइल असतं. ते कायम चालू होतं. संध्याकाळी मुली अंघोळ करून पाणी संपवायच्या, टाकीत गार पाणी शिरायचं आणि रात्रभर कॉइल ते तापवून ठेवायचं. सकाळी थोडं वापरलं की पुन्हा कॉइल. ऊन येईपर्यंत टाकी आधीच ६० अंशांवर! मग सूर्याला तापवायला राहिलं काय? २०० लिटर पाणी २५ वरून ६० ला न्यायला आठ युनिट लागतात, हे भाच्याने मला पाटीवर मांडून दाखवलं. म्हणजे आम्ही सोलर बसवून विजेवर पाणी तापवत होतो.

आता कॉइलला टायमर आणि तापमानाची अट आहे. पहाटे साडेचारला टाकी ४५ च्या खाली असेल तरच सुरू, नाहीतर नाही. मार्चमध्ये ते कॉइल जवळपास लागतच नाही. जुलैत लागतं, त्याला इलाज नाही.

खोल्यांतल्या छोट्या गीझरचंही तेच. पंधरा लिटर पाणी तापवायला साधारण पाऊण युनिट, पण बटण दिवसभर चालू ठेवलं की गार होणारं पाणी ते पुन्हा पुन्हा तापवत बसतं. मुलींना किती सांगणार? कॉन्टॅक्टरवर वेळ लावून टाकली.

एक मात्र सांगते. पालक पहिला प्रश्न विचारतात, "यात कॅमेरा नाही ना?" बरोबरच आहे. आमच्याकडे गच्चीवर तापमान आणि जिन्याखाली मीटर, बाकी काही नाही. खोलीत सेन्सरची एकही डबी नाही.

हिंडवाडी_तिसरा_मजला

काकू, हा प्रतिसाद प्रिंट काढून कमिटीत वाचतो. आमच्याकडे पाच सोलर टाक्या आहेत आणि कॉइलची बटणं कुठे आहेत हे कुणाला माहीत नाही.

सई_बंगळूर

मूळची बेळगावातल्या अनगोळची, इथे बंगळुरात मोठ्या इमारतींच्या ऑटोमेशनमध्ये काम करते, म्हणून थोडं लांबण लावते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेतली सुमारे ३० टक्के इमारती चालवण्यात जाते आणि ऊर्जेमुळे होणाऱ्या उत्सर्जनातला २६ टक्के वाटा त्यांचा. मोठ्या ऑफिसांत, हॉस्पिटलांत सेन्सरनी जी बचत होते ती दिवे लावण्या-विझवण्यातून थोडी आणि यंत्रं गरजेपुरती पळवण्यातून फार. पंख्याचा किंवा फिरत्या पाण्याच्या पंपाचा वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी होते, कारण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते. हॉलमध्ये माणसं किती हे कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरवरून ओळखून तेवढीच बाहेरची हवा आत घ्यायची, ही दुसरी गोष्ट. मंगल कार्यालयवाल्यांनी लक्ष द्यावं, मुहूर्ताच्या तासाला हजार माणसं आणि दुपारी तीनला पंचवीस, एसी मात्र तेवढाच चालू. (तुमच्या संपच्या पंपाला मात्र वेग कमी करायचं यंत्र लावू नका. त्याला ठरावीक उंची चढायची असते, वेग उतरला तर पाणी वरच पोचणार नाही.)

अपार्टमेंटसाठी माझं म्हणणं एकच : टाकीची पातळी मोजा, आणि मोटर बंद करण्यापुरती नको, पहाटे दोन ते चार या वेळेत मोजा. त्या वेळी कुणी पाणी वापरत नाही. समजा टाकी आत २ मीटर बाय अडीच मीटर आहे. तळ पाच चौरस मीटर, म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की ५० लिटर गेले. दोन तासांत चार सेंटिमीटर उतरली तर २०० लिटर, म्हणजे तासाला १०० लिटर कुठेतरी गळतंय. दिवसाला २४०० लिटर. बहुतेक वेळा एखाद्या फ्लॅटातला फ्लश असतो, आवाज न करता भांड्याच्या मागून पाझरत राहतो. घरातल्यांना पत्ता नसतो, कारण पाण्याचं बिल सामाईक.

आणि ते पाणी बोअरचं असेल तर? १०० मीटर खोलीवरून हजार लिटर उपसायला, पंपाची खरी कार्यक्षमता धरली तर पाऊण-एक युनिट. गळणारा फ्लश म्हणजे रोज दोन युनिट, शिवाय संपमधून वर चढवायचे वेगळे. जिन्यातल्या सेन्सरवाल्या दिव्यांनी एवढं वाचणार नाही.

उद्यमबागचा_वायरमन

सईताई, लई भारी सांगितलंत. फक्त सेन्सरचं एक. तो आवाजाच्या लहरीवाला सेन्सर झाकणाला आतून लावतात ना, पहाटे झाकणाला वाफेचे थेंब धरतात आणि तो वेडंवाकडं वाचतोय. शिवाय झाकणाच्या खाली वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत त्याला काही दिसतच नाही, म्हणजे टाकी अगदी भरली की आंधळा. पहाटेचाच हिशेब पाहिजे असेल तर तळाशी सोडायचा दाबावर चालणारा सेन्सर घ्या. महाग आहे, पण रात्रीचं खरं सांगतोय.

खानापूर_जंगल_साईड

तुम्ही शहरातले लोक वायफाय वायफाय करताय. आमच्याकडे वळवाचा पहिला पाऊस म्हणजे लाईट गेली, राउटर गेला, कधी कधी डबीच गेली. विजेचा लोळ कुठे तरी पडतो आणि तारेतून झटका घरात येतो. आमचं घर, मागे विहीर, पुढे दोन खोल्या पाहुण्यांसाठी. मी शिकलेल्या गोष्टी :

अर्थिंग आधी तपासा, मग डीबीत असे झटके अडवणारा सर्ज प्रोटेक्टर, मग सेन्सर. उलट क्रमाने केलं तर पैसे पाण्यात.

जे काही ठरतं ते घरातल्या डबीतच ठरलं पाहिजे. विहिरीत पाणी कमी तर मोटर बंद, हा निर्णय परदेशातल्या सर्व्हरला विचारून घ्यायची गरज नाही. विहीर घरापासून लांब आहे, वायफाय पोचत नाही, म्हणून लोरा, म्हणजे कमी विजेत लांबवर छोटे निरोप पाठवणारा रेडिओ, वापरलं. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झमध्ये आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही, आणि झाडीतूनसुद्धा निरोप येतो. बॅटरीवर चालतं.

आणि मुंग्या. याबद्दल कुठल्याच माहितीपत्रकात लिहीत नाहीत. पावसाळ्यात डबीच्या वायरीच्या भोकातून आत शिरतात, उब मिळते म्हणून. एकदा रिले चालेना म्हणून उघडला तर दोन संपर्कांच्या मधे जळून कोळसा झालेल्या मुंग्यांचा थर, नखाने खरवडून काढावा लागला. पालीची अंडी वेगळी. वायरीला ग्लँड लावा, राहिलेली फट सिलिकॉनने बुजवा.

निपाणीकर_७७

पालीची अंडी 😀 आमच्या इन्व्हर्टरमध्ये अख्खी पाल निघाली होती.

नाना_शहापूर

इथं व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय आहे, गल्लोगल्ली इंजिनिअरिंगची पोरं आहेत. दरवर्षी कुणीतरी 'स्मार्ट वॉटर टँक' प्रोजेक्ट करतं. त्यांच्याकडून फुकटात करून घ्या की.

होस्टेलवाली_काकू

नाना, करून घेतलंच आहे. पण भाचा पुढच्या वर्षी पुण्याला गेला की कोण बघणार? मी त्याच्याकडून वहीत लिहून घेतलंय : कुठली वायर कुठे, पासवर्ड काय, बंद पडलं तर हाताने कसं चालवायचं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं.

सई_बंगळूर

काकूंची वही प्रत्येक सोसायटीत हवी. कंपनीकडून घेणाऱ्यांनी करार करताना दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. खातं कुणाच्या नावावर? पुष्कळदा ते बसवणाऱ्या माणसाच्या ईमेलवर असतं. सेक्रेटरी बदलला, कंपनी बदलली, की टाकीची किल्ली तिसऱ्याच्या खिशात. आणि कंपनीचा सर्व्हर बंद झाला तर काय? ही नुसती कल्पना नाही. अमेरिकेत इन्स्टिऑन या स्मार्ट घराच्या कंपनीचे सर्व्हर २०२२ च्या एप्रिलमध्ये असेच बंद झाले आणि लोकांच्या घरातली ॲपं एका रात्रीत मुकी झाली. त्याआधी २०१६ मध्ये रिव्हॉल्वचा हब (घरातली सगळी यंत्रं जोडणारी डबी) असाच निकामी केला गेला. चांगलं चालणारं यंत्र कचऱ्यात टाकायला लावणारी 'शाश्वतता' मला झेपत नाही.

पासवर्डचंही तेच वर्ष. २०१६ चं मिराई हे व्हायरस प्रकरण कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेल्या कॅमेऱ्यांवर आणि राउटरवरच पोसलं होतं. गेटचा कॅमेरा घेणार असाल तर तो मोटरच्या नेटवर्कपासून वेगळा ठेवा.

मुक्ता_भाग्यनगर

अजून एक छोटं. प्रत्येक डबी स्वतः पण खाते. एक वॅट म्हटलं तरी वर्षाला पावणेनऊ युनिट. घरात अशा वीस डब्या लावल्या तर वर्षाला पावणेदोनशे युनिट नुसते त्या जाग्या राहण्यासाठी. ९ वॅटच्या दिव्याला वायफाय देऊन काय मिळवलं?

निपाणीकर_७७

आणि सोलर पॅनेल? केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी आहे ना. ते बसवलं की हे सगळं लागणारच नाही.

खानापूर_जंगल_साईड

एका किलोवॅटला दिवसाला चार युनिट धरतात, ते वर्षाच्या सरासरीने. आमच्याकडे जुलैत ढग उतरले की पॅनेल असून नसून सारखंच. बेळगाव शहरात बरं आहे, निपाणी-चिकोडीकडे अजून बरं. पण गृहज्योतीत शून्य बिल असलेल्याने आधी स्वतःचं गणित करावं, शेजाऱ्याचं नको.

हिंडवाडी_तिसरा_मजला

कमिटीची बैठक झाली. कोटेशन सध्या बाजूला. जिन्यातल्या दिव्यांवरून वाद झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, मी पायरीवर हळू चढते, मधेच दिवा गेला तर? त्यामुळे जिन्याचे दिवे आहेत तसेच, फक्त पार्किंगला सेन्सर. वायरमनांनी सांगितल्याप्रमाणे फ्लोट आणि कॉन्टॅक्टरला मंजुरी मिळाली. बोअरला ड्राय रन. सोलरच्या पाचही कॉइलची बटणं सापडली, त्यांतली चार चालू होती!

दाबावरच्या सेन्सरलाही हो म्हणाले, पण खजिनदारांची अट अशी की आधी पहाटेची पातळी हाताने मोजून दाखवा. म्हणून मी आणि वॉचमन दोनला आणि चारला गच्चीवर पट्टी घेऊन. साडेतीन सेंटिमीटर उतरली. आमची टाकी सईताईंच्या उदाहरणातल्यापेक्षा थोडी लहान आहे, तरी दीडशे लिटरच्या वर गेलेच. आता रोज रात्री एकेका फ्लॅटचा वॉल्व्ह बंद करून शोधतोय. कुणाचा फ्लश ते अजून सापडलेलं नाही, पण ज्यांच्याकडे जातो ते आधीच हात वर करतात, "आमचा नव्हे ओ".

आता अडचण अशी : टाकी पाचव्या मजल्याच्या वर, स्टार्टर तळघरात. वायफाय दोन स्लॅबच्या पुढे जात नाही. रिपीटर लावत वर जाऊ की वायर ओढू?

उद्यमबागचा_वायरमन

वायर. रिपीटर म्हणजे प्रत्येक मजल्यावर एक नवीन डबी आणि प्रत्येकाला लाईट पाहिजे. तुमच्या बिल्डिंगला जुन्या केबल टीव्हीचा पाईप असणार, त्यातूनच ओढा. शिल्डवाली घ्या, लिफ्टच्या डक्टमधून नेऊ नका, तिथल्या विजेचा नॉइज धरतीय ती वायर. दोन जोड्यांची घ्या, एक लागेल, एक शिल्लक ठेवा. रविवारी सकाळी मी हिंडवाडीतच एका कामाला आहे, पाईप मोकळा आहे का बघून जातो.